डुक्कर फियाट सांभाळायची कशी: आजीचं काय राखायचं, नातीकडून काय उसनं घ्यायचं

दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा तरी फोन येतो. "काकू, एक डुक्कर फियाट मिळतेय, घेऊ का?" मी आधी विचारते, मागून काढलेला फोटो आहे का? पुढून सगळेच काढतात. बॉनेट, गोल दिवे, चकचकीत जाळी, सगळं दिसतं. पण डुक्कर म्हणजे पन्नासच्या दशकातली गोल पाठीची फियाट ११००, आणि ती ओळखायची पाठीवरून.

पाठीवरून म्हणजे कशी, तर छप्पर जिथे संपतं तिथून नजर खाली उतरू द्या. मागची काच, डिकी, बंपर, सगळं एका गोलाईत उतरत येतं. कुठे धार नाही, कुठे कोपरा नाही. मागची मडगार्डं भरलेल्या गालांसारखी. हिच्या मागून आलेल्या सिलेक्ट या मॉडेलला त्याच मडगार्डांवर पंखासारख्या कडा आल्या. त्या कडा दिसल्या की समजायचं, ही सिलेक्ट आहे. चांगली गाडी आहे, पण डुक्कर नव्हे.

लोक दारांवरून ओळखायला जातात आणि तिथे फसतात. डुक्करची पुढची दारं उलटी उघडतात, म्हणजे बिजागऱ्या मधल्या खांबाला आणि मूठ पुढच्या टोकाला. मागच्या दारांच्या बिजागऱ्याही त्याच खांबाला. चारही दारं उघडली की गाडी पुस्तकासारखी दिसते. पण उलटी दारं सिलेक्टलाही होती. तेव्हा दारं बघाच, पण निकाल पाठीवर द्या. स्टिअरिंगवरच्या गिअरचा तर ओळखायला काहीच उपयोग नाही, तो पुढच्या पिढीतल्या पद्मिनीपर्यंत सगळ्यांना होता. बॉनेटखालची धातूची पट्टी मात्र जरूर वाचा. तिच्यावर १०३ हा आकडा असतो. फियाटमध्ये या गाडीच्या आराखड्याचा तो क्रमांक होता. जाळीच्या मधोमध तिसरा दिवा असेल तर हुरळून जाऊ नका. तसा दिवा इटलीत तुरिस्मो व्हेलोचे नावाच्या वेगवान आवृत्तीला होता. आपल्याकडे तो बहुतेकदा हौसेने नंतर बसवलेला सापडतो.

थोडं घराणं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. दान्ते जाकोसा या अभियंत्याच्या हाताखाली ही गाडी तयार झाली आणि मार्च १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली. इटलीत तिला मिलेचेंतो म्हणत, म्हणजे अकराशे. इंजिन १०८९ सीसीचं, म्हणून अकराशे. १९५४ मध्ये ती आपल्या कुर्ल्यात बनू लागली, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात. हा कारखाना सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेला. १९४७ मध्ये तिथे डॉज आणि प्लिमथ जुळवायला सुरुवात झाली होती. त्या अमेरिकन गाड्या मोठ्या, पेट्रोल पिणाऱ्या. डॉक्टर, वकील, छोटा कारखानदार यांच्या आवाक्यात आली ती ही गोल पाठीची फियाट. पुढे सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, १९६४ मध्ये डिलाइट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. अंगावरचे कपडे बदलत गेले, पण पेट्रोल इंजिन शेवटपर्यंत १०८९ सीसीचंच राहिलं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत तुम्ही बसला असाल, तर या घराण्याच्या नातीत, म्हणजे पद्मिनीत बसला आहात.

आता नावाबद्दल. डुक्कर हे नाव कारखान्याने दिलेलं नाही, ते रस्त्यावर पडलं. कुणी म्हणतं पुढच्या जाळीमुळे, ती मुस्कटासारखी दिसते. कुणी म्हणतं मागच्या गोलाईमुळे. मला मागची बाजू पटते. माझा कयास असा की पंखवाली सिलेक्ट आल्यावर लोकांना दोघींत फरक करायला एक शब्द हवा होता, आणि फरक मागच्या बाजूलाच होता. हा मराठी शब्द पुढे इतका रुजला की चेन्नईचे आणि कोलकात्याचे जुन्या गाड्यांचे शौकीनही हिला डुक्करच म्हणतात. मला त्याचा फार अभिमान वाटतो.

आमच्या घरात मात्र या नावावरून एकदा अडलं होतं. बाबांनी १९६८ साली साताऱ्याच्या एका डॉक्टरांकडून ही गाडी वापरलेली घेतली. राखाडी रंगाची. पहिला प्रवास पंढरपूरचा ठरला आणि निघायच्या दिवशी आत्या बोलून गेली, "चला, डुक्कर दारात आलं." पायरीवर उभी असलेली आजी थबकली. माळकरी बाई. सगळ्यांना वाटलं, आता ही गाडीत बसत नाही. आजीने बॉनेटवर हात ठेवला, म्हणाली, "वराह म्हणा. विठोबाचाच अवतार आहे तो, पृथ्वी उचलून आणली होती त्याने. मग आपण पाच-सहा जण काय जड आहोत?" आणि बसली. उलट्या दारातून तिला बसायला सोपंही गेलं. नऊवारीतल्या बाईने पाठमोरं होऊन आधी सीटवर टेकायचं आणि मग दोन्ही पाय आत घ्यायचे. आजच्या कुठल्याही गाडीत मला तसं बसता येत नाही, आणि गुडघे दुखायला लागल्यापासून मला ते जास्तच जाणवतं.

घ्यायला जाल तेव्हा

ही गाडी वेगळ्या चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर उभी नाही. पत्र्याची कायाच सगळा भार पेलते. म्हणून इंजिन बंद असलेली पण पत्रा शाबूत असलेली डुक्कर घ्या. इंजिन गुणगुणतंय आणि खाली पत्रा सडलाय अशी घेऊ नका. इंजिन बांधून मिळतं. सडलेली काया सरळ रेषेत परत उभी करणारे कारागीर आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत.

जाताना एक छोटं लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून न्या. दारांचा खालचा हात-दीड हातभर भाग, चाकांच्या कमानी, डिकीतली स्टेपनीची खाच, इथे ते फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे. मग दारांखालचा लांब पट्टा स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा ठणठणतो, सडलेला भदभदतो. एकदा ऐकलात की विसरणार नाही. आतलं पायपुसणं उचलून खालची जमीन बघा, विशेषतः पुढच्या काचेच्या रबरातून पाणी ओघळतं तो कोपरा. शेवटी पुढचं दार उघडून तळाशी धरा आणि वर उचलून बघा. उलट्या दाराचं सगळं वजन मधल्या खांबावर येतं. दारासोबत खांबही हलत असेल तर मी तिथूनच परत फिरते.

दाराची कुलपं वेगळी तपासा. साधं दार चालत्या गाडीत चुकून उघडलं तर वारा ते परत लोटतो. हे दार वारा हिसकावून पूर्ण उघडतो. लहानपणी आम्हाला पुढच्या दाराला टेकून बसायची बंदी होती, ती याच कारणाने. खटका घट्ट बसत नसेल तर गाडी टेम्पोवर घालून घरी आणा, चालवत नको.

कागद बघताना आरसी बुकातला चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः टॉर्च घेऊन जुळवा. बऱ्याच डुक्करांत मधल्या काळात पद्मिनीचं इंजिन बसलेलं असतं. त्यात पाप नाही, पण ते आरसीत चढवलेलं असलं पाहिजे. नसेल तर विकणाऱ्यालाच ते करून द्यायला सांगा. नंतर तुमचे हेलपाटे वाचतील.

नातीकडून काय घ्यायचं

इथे मी सगळ्यात जास्त बोलते, कारण डुक्कर वाचते ती इथेच आणि मरतेही इथेच. पद्मिनीमुळे सुटे भाग मिळतात. पद्मिनीमुळेच लोक हळूहळू एकेक भाग बदलत जातात, आणि दहा वर्षांनी दारात उभी असते ती डुक्करच्या कातड्यातली पद्मिनी.

माझा नियम सोपा आहे. जे हाताला लागत नाही आणि डोळ्याला दिसत नाही, ते नातीचं चालेल. ब्रेकची रबरं आणि लायनर, पेट्रोल पंपाचा डायफ्राम, पाण्याचा पंप, पॉइंट आणि कंडेन्सर, किंगपिन, बुश, क्लच प्लेट. मात्र दुकानात कधीही नुसतं नाव सांगून मागू नका. जुना भाग काढून, पुसून, हातात घेऊन जा आणि शेजारी ठेवून जुळवून बघा. घराणं एक असलं तरी पन्नास वर्षांत मापं इकडची तिकडे झाली आहेत. पुण्यात नाना पेठेत अजून एखाद्या दुकानात माळ्यावरून खोकी काढून देणारे आजोबा भेटतात. मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार, सकाळी लवकर. गाडी जिथे जन्मली तिथेच तिचे अवयव मिळतात, याचं मला दर वेळी भरून येतं.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीचं वय वीस वर्षांचं, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून गेल्या. तेव्हा टॅक्सीतून निघालेली इंजिनं बाजारात दिसतील. स्वस्त असतील. पण त्या बिचाऱ्या इंजिनांनी उभं आयुष्य रात्रंदिवस काम केलंय. घ्यायचंच असेल तर हेड उघडून सिलिंडरचं माप घ्या. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६८ मिलिमीटर. तो किती वेळा वाढवला आहे ते कळल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि जे नातीचं घ्यायचं नाही ते असं: पुढची सीट, स्टिअरिंगचं चाक, डॅशबोर्ड, मीटर, दारांच्या मुठी, दिव्यांच्या कड्या, बंपर, चाकांच्या वाट्या. यांतलं काहीही मोडकं असलं तरी फेकू नका. मोडकं दुरुस्त होतं, फेकलेलं मिळत नाही. गिअर स्टिअरिंगवरून काढून खाली जमिनीवर घेणारे लोक आहेत. त्यांना मी हात जोडून सांगते, असं करू नका.

हे मी वाचून सांगत नाही. १९८६ मध्ये बाबा आजारी होते. एका गॅरेजवाल्याने "आरामशीर होईल" म्हणून पुढची एकसलग सीट काढली आणि पद्मिनीच्या दोन सीटा बसवल्या. जुनी सीट कुठे गेली विचारलं तर म्हणाला, भंगारात. त्या सीटवर मधे मी बसायची, एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला आई. पुढची नऊ वर्षं मी तशी सीट शोधत होते. शेवटी फलटणजवळच्या एका गावात पिठाच्या गिरणीबाहेर सापडली. दळणाला आलेल्या बायका तिच्यावर बसायच्या. स्प्रिंगा गंजल्या होत्या, पण सांगाडा सरळ होता. गिरणीवाल्याला मी दोन नवी लाकडी बाकं करून दिली आणि सांगाडा घरी आणला. तेव्हापासून आमच्या माळ्यावर एक पेटी आहे. गाडीतून निघालेला प्रत्येक स्क्रूसुद्धा कुठून निघाला ते चिठ्ठीवर लिहून तिच्यात जातो. तुम्हीही अशी पेटी पहिल्या दिवशीच करा.

चालवताना

गिअर चार. पहिल्याला सिंक्रोमेश, म्हणजे चालत्या गाडीत गिअर सहज बसवणारी सोय, नाही. म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकू नका. चढावर चालत्या गाडीत तो टाकायची वेळ आलीच, तर डबल क्लच करायचा: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून किंचित रेस, पुन्हा क्लच, मग गिअर. आठवडाभर रिकाम्या मैदानावर सराव केला की जमतं. हाताला आवाज कळायला लागतो. मनगटाने हलकेच ढकलायचा, खांद्याने नाही.

ब्रेक चारही चाकांना ड्रमचे, आणि सगळ्यांना तेल पोचवणारी वाट एकच. एक रबरी नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. म्हणून नळ्या चांगल्या दिसत असल्या तरी चार-पाच वर्षांनी बदला. इथे काटकसर नको. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा. खंबाटकीच्या उतारावर जळका वास आला की बाजूला घ्या आणि ड्रम आपोआप थंड होऊ द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, त्याला तडा जातो.

उन्हाळ्यात जुन्या कात्रज घाटात गाडी धापा टाकून बंद पडली तर बहुतेक वेळा इंजिनाला काही झालेलं नसतं. पेट्रोलची नळीत वाफ झालेली असते. बॉनेट उघडा, पेट्रोल पंपावर ओलं फडकं गुंडाळा, पंधरा मिनिटं सावलीत बसा. बाबा त्यासाठी एक जुना पंचा आणि पाण्याची कळशी कायम डिकीत ठेवायचे. रेडिएटरच्या झाकणाला मात्र गरम असताना हात लावायचा नाही, फडकं धरूनही नाही.

आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुनी रबरं त्याने फुगतात, चिरतात, आणि त्यांचा भुगा कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतो. इथेनॉल चालणारी नळी टाका, पंपाचा डायफ्रामही तशाच रबराचा मागा. टाकी भरून महिनोन्‌महिने गाडी उभी ठेवू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि टाकी आतून गंजते. मी पाच-सहा लिटरच भरते आणि पावसाळा सोडून दर रविवारी फिरवून आणते. इंजिन तेल साधं खनिज, २०डब्ल्यू-४० किंवा ५०. महागडं सिंथेटिक जुन्या सिलांतून झिरपू शकतं. ग्रीस जिथे जिथे मारायची जागा आहे तिथे वेळच्या वेळी मारा. ज्या डुक्करचं स्टिअरिंग जड झालंय असं लोक सांगतात, तिला बहुतेकदा फक्त ग्रीस हवं असतं.

कागद

जुलै २०२१ पासून विंटेज गाड्यांसाठी वेगळे केंद्रीय नियम आहेत. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली गाडी त्यात बसते, म्हणजे प्रत्येक डुक्कर वयाने बसतेच. अर्ज फॉर्म २० मध्ये, राज्याची समिती गाडी तपासते, नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि दहा वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. नव्याने नोंदवलेल्या गाडीला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. आधी नोंदलेली गाडी आपला जुना नंबर ठेवू शकते. जुना बीएमवाय नंबर असेल तर तो सोडू नका, त्या तीन अक्षरांत जुन्या मुंबई राज्याची आठवण आहे.

पण एक अट नीट वाचा. विंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. मी म्हणून आमची गाडी साध्या नोंदणीवरच ठेवली आहे. दर पाच वर्षांनी पासिंग करून नूतनीकरण, पर्यावरण कर, विमा, पीयूसी. खर्च जास्त, खेपा जास्त. पण मला तिच्यातून भाजी आणायची असते, नातवाला शाळेतून घ्यायचं असतं. तुमची गाडी वर्षातून दोनदाच निघणार असेल तर विंटेज नोंदणी तुम्हाला सोयीची पडेल.

पावसाळा

जूनच्या आधी चारही दारांच्या तळाशी असलेली बारीक भोकं खराट्याच्या काडीने मोकळी करा. काचेवरून आत गेलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं. भोकं बुजली की दार आतून कुजतं, आणि बाहेरून कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. पावसाळाभर उभ्या ठेवलेल्या गाडीवर प्लॅस्टिकचं आवरण घालू नका, खाली घाम धरतो. सुती घाला, आणि छप्पर असेल तर उघडी ठेवा, काचा बोटभर खाली. बॅटरीची एक तार सोडून ठेवा. बॉनेटखाली आणि सीटखाली कडुनिंबाचा पाला ठेवा, उंदीर वायरी खातात. पाल्याने उंदीर थांबतात असा माझा दावा नाही, पण पाला बदलायच्या निमित्ताने दर आठवड्याला बॉनेट उघडलं जातं आणि कुरतडलेलं लवकर दिसतं.

दसऱ्याला पूजेआधी पहिल्यांदा चालू करताना घाई नको. तेल आणि पाणी बघा. डिस्ट्रिब्युटरची मधली वायर काढून स्टार्टर दोन-तीनदा थोडा थोडा फिरवा, म्हणजे ठिणगीशिवाय तेल वरपर्यंत चढेल. मग वायर लावून चोक ओढून चालू करा. रेस करू नका, आपल्या चालीने गरम होऊ द्या. गाडी पुढे घेण्याआधी ब्रेक दाबून धरा आणि मनात वीसपर्यंत मोजा. पायाखाली पेडल हळूहळू बुडत असेल तर गाडी हलवू नका.

ब्रेक टिकला तर दोन हात पुढे घ्या, उतरा, आणि ती चार महिने उभी होती ती फरशी बघा. मधे काळा डाग असेल तर इंजिनाचं तेल, एवढं चालतं. पुढे पाण्याचा ओघळ असेल तर रेडिएटरची नळी आवळा. चाकाच्या आतल्या बाजूला ओलं दिसलं, बोटाला बुळबुळीत लागलं आणि काळं नसलं, तर ते ब्रेकचं तेल आहे. झेंडूची माळ घाला, पूजा करा, पण त्या दिवशी तिला बाहेर काढू नका.